दुआचं वजन

आमच्या घरमालकांना सगळ्यात जास्त संशय यायचा तो बरोबर निघालेल्या गोष्टीचा. चुकीची गोष्ट निदान चूक आहे एवढं तरी कळतं, असं त्यांचं म्हणणं. बरोबर निघालेली पुन्हा तपासावी लागते, कारण ती बरोबर का निघाली हे कुणी सांगत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मिरजेत त्यांच्या दुमजली घराच्या तळमजल्यावर एक कॉम्प्युटर क्लास चालायचा आणि तिथं मी शिकवायचे. क्लास ज्यांचा, ते सांगलीत बसून फोनवर क्लास चालवायचे. मी मूळची कवठे महांकाळची, दुष्काळी भागातली. आमच्याकडे संशय घ्यायचाच तर लोक आभाळावर घेतात, माणसांपर्यंत पोचायला सवड नसते. त्यामुळे वरच्या मजल्यावरचा हा माणूस सुरुवातीला मला झेपलाच नाही.

ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. सगळी गल्ली त्यांना साहेब म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. वाई, कराड, विटा, जत असे सातारा-सांगलीचे आठवडी बाजार त्यांनी नोकरीत पालथे घातले होते. तपासणीची त्यांची एक ठरलेली रीत होती. काट्याजवळ गेले की पहिलं वाक्य, "हात मागं." दुकानदारानं दोन्ही हात पाठीमागं बांधून उभं राहायचं आणि तपासणी संपेपर्यंत पुढं आणायचे नाहीत. मोठमोठे आडतवाले त्यांच्यासमोर शाळेतल्या पोरासारखे उभे राहिलेत म्हणे.

"माप कवा चोरत न्हाई, बाई," ते मला सांगायचे. "बोट चोरतं. पारड्याला नुसतं लागलं तरी काम झालं."

नोकरी सुटली तरी रीत सुटली नाही. मी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात ते क्लासात आले आणि म्हणाले, "सगळी मशिनं बंद करा. लाईटच्या मीटरची चकती फिरती का बघायचीय." मी उठून बटणं बंद केली. "आता हात मागं." मी बीएस्सी झालेली बाई, चार पोरांसमोर हात पाठीशी बांधून भिंतीला उभी राहिले. चकती फिरली नाही. साहेबांचा चेहरा पडला. "फिराय पायजे हुती," असं म्हणत ते वर गेले, आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

भाजीच्या हातगाड्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्या की वेग घ्यायच्या. शेजारणी काकूंकडे, म्हणजे साहेबांच्या बायकोकडे, वाटीभर साखर मागत नसत. कारण परत आलेली साखर साहेब बाहेरच्या खोलीत टांगलेल्या पितळी तराजूत घालायचे. एका दवाखान्यात त्यांचं वजन केलं, तर यांनी पिशवीतून घरचं दोन किलोचं माप काढलं आणि आधी दवाखान्याचा काटा तपासला. तो बरोबर निघाला. तेव्हापासून त्या डॉक्टरवर त्यांचा विश्वास बसला नाही.

"लग्नात सात पावलं टाकली ना आम्ही," काकू मला एकदा म्हणाल्या, "ती सातच झाली का आठ, ह्येबी ह्येंनी बघितलं असंल." हसल्या, आणि मग हसू आवरून म्हणाल्या, "पोरी, नातेवाईक तुटले, शेजार तुटला. आता या घराच्या पायऱ्या एकच माणूस चढतो. तेवढा टिकूदे म्हंजे झालं."

तो एक माणूस म्हणजे चाचा. साहेबांचे शाळेपासूनचे मित्र, सतारी करणारे मेस्त्री. गल्लीपासून चार पावलांवर त्यांचं दुकान होतं. दारात वाळलेले भोपळे टांगलेले, आत लाकडाचा भुसा. सतारीच्या घोडीवर कानस फिरवून सूर उघडायचा, त्याला जवारी काढणं म्हणतात. ते काम ते डोळे मिटून, नुसत्या कानानं करायचे. "त्याच्या दुकानात काटाच न्हाई," साहेब म्हणायचे, "मग म्या पकडू काय?" मला वाटतं मैत्री टिकायचं तेवढंच कारण होतं. चाचा रोज दुपारी चहाला यायचे.

खेळाची भानगड कशी सुरू झाली ते सांगते. दुपारी क्लास रिकामा असायचा. कुणीतरी पुण्याहून एक सीडी आणली होती. त्यात तलवार घेतलेला एक वीर गुहांमधून हिंडतो, राक्षस मारतो, अंगठ्या-चिलखतं गोळा करतो आणि हळूहळू विद्या शिकतो. पोरं त्यापायी वेडी झाली होती. साहेब चकती बघायला आले असताना एका पोराच्या स्क्रीनवर त्यांना एक अंगठी दिसली. तिच्याखाली लिहिलं होतं की ही घातली की घावाची ताकद निम्म्यानं वाढते.

"ह्ये कुणी तपासलंय?" साहेबांनी विचारलं.

"तपासायचं काय त्यात? लिहिलंय की," पोरगं म्हणालं.

"छापलेला आकडा म्हंजे दुसऱ्यानं सांगितलेला आकडा," साहेब म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. निवृत्तीनंतर त्यांना एवढं खूश मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांच्या अखत्यारीत एक नवा बाजार आला होता.

तपासणी त्यांच्याच पद्धतीनं झाली. राक्षस तोच, तलवार तीच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी पंच. काकूंकडून डबाभर चिंचोके आणले. साहेबांनी एक घाव घातला की मी टेबलावर एक चिंचोका ठेवायचा. राक्षस मेला की रांग पुरी. मग पुढच्या वेळची रांग तिच्या शेजारी लावायची आणि कोणती आखूड, कोणती लांब ते बघायचं. आकडे मांडायचे नाहीत, कारण आकडा लिहिणाऱ्याचा हात चुकतो.

एक अंगठी घातली तर रांग चांगली आखूड झाली. दुसरी, अगदी तशीच अंगठी घातली तर थोडीशीच कमी झाली. साहेब उठून उभे राहिले. "दुसरी अंगठी कमी वजनाची हाय."

मी समजावलं. "साहेब, तलवारीची मूळची ताकद दहा धरा. पहिली अंगठी त्या दहाच्या निम्मे, म्हणजे पाच वाढवते, झाले पंधरा. दुसरीही मूळच्या दहाच्याच निम्मे वाढवते. पंधराच्या नाही. म्हणून वीस. तुम्ही तलवारीची विद्या शिकलात तर तीही त्याच ढिगात पडते."

"म्हंजे सगळं एकाच पारड्यात."

"एकाच पारड्यात. म्हणून जितकं जास्त टाकाल तितका पुढच्याचा फरक कमी जाणवतो."

हे त्यांना पटलं. पोत्यावर मूठ टाकली तर कुणाला कळतंय, असं काहीतरी ते पुटपुटले. मग मी जरा जास्तच शहाणपणा केला. म्हटलं, "पण काही विद्या वेगळ्या असतात. चाचांच्या गड्याकडे आहे तशी."

कारण एव्हाना चाचाही खेळू लागले होते. दोन कॉम्प्युटर वायरनं जोडले की दोघांना एकाच गुहेत उतरता यायचं. चहाला येऊन नुसतं बसायचं तर बसल्या बसल्या खेळू, असं म्हणून चाचांनी एक गडी निवडला. तोही असा, की स्वतः फारसा मारत नाही, पण त्याच्या आसपास जो लढतो त्याचा घाव जड होतो. त्या विद्येला खेळात ऑरा म्हणायचे. चाचा तिला दुआ म्हणायचे. "मारायला तू हायेस की," ते साहेबांना म्हणाले. "मी दुआ देत उभा राहतो."

"चाचांची दुआ तुमच्या ढिगात पडत नाही," मी सांगितलं. "तुमच्या पारड्यात शेवटी जे काही भरेल, त्या सगळ्यालाच ती निम्म्यानं वाढवते. तुमचे वीस असतील तर तीस. म्हणून एकट्यानं अंगठ्या जमवत बसण्यापेक्षा शेजारी तसा सोबती असला की फरक मोठा पडतो. असं स्क्रीनवर लिहिलंय."

साहेब वर गेले, पितळी तराजू काढून आणला आणि माझ्यासमोर धरला.

"दांडी जितनं टांगलीया ते भोक बघा," ते म्हणाले. "ते मदोमद हाय तवर पारड्यात टाकाल तेवढंच वजन. पर भोक एका बाजूला जरा सरकवलं की काय बी टाका, समदंच वाढून दिसतंय. पारड्यात जास्तीचं कायबी सापडत न्हाई. जतच्या बाजारात असला एक पकडलावता म्या." तराजू टेबलावर ठेवून ते चाचांच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत राहिले. "पारड्यात दिसत न्हाई आनि वजन वाढवतंय, त्येला मापात पाप म्हंत्यात."

तो संशय मग वाढतच गेला. दुसऱ्या दिवसापासून साहेब लढता लढता मधेच थांबून विचारायचे, "आता दुआ चालू हाय का?" चाचा म्हणायचे, "हाय." "कशावरनं?" "मी सांगतोय म्हणून." हे उत्तर साहेबांना आयुष्यात कधीच पुरलं नव्हतं. काही दिवस चाचांनी ते हसण्यावारी नेलं. मग त्यांचं हसणं कमी होत गेलं. काकू चहा घेऊन खाली यायच्या तेव्हा दोघांची तोंडं बघून माझ्याकडं बघायच्या. मला साहेबांचा राग येत होता. म्हातारपणी माणसं वायर जोडून एकत्र बसतात, तेवढं सुख यांना चालत नव्हतं.

शेवटी साहेबांनी रीतसर तपासणी जाहीर केली.

गुहेच्या तोंडाशी एक दांडगा राक्षस होता, तो ठरला. पहिल्या फेरीत चाचांच्या गड्यानं लांब विहिरीपाशी उभं राहायचं, म्हणजे दुआ पोचणार नाही. दुसऱ्या फेरीत जवळ यायचं. दोन्ही रांगा शेजारी लावायच्या. संगनमत नको म्हणून साहेबांनी चाचांना समोरच्या भिंतीकडच्या मशीनवर पाठ करून बसवलं. मी साहेबांच्या शेजारी, चिंचोक्यांचा डबा घेऊन.

"तपासणी सुरू," साहेब म्हणाले. "मेस्त्री, हात मागं."

"हात मागं घेतले तर माझा गडी उभा कसा राहील?" चाचा न वळता म्हणाले. "मागनं दुसरा राक्षस आला म्हंजे?"

साहेबांनी विचार केला. "बरं. एक हात ऱ्हाऊदे माऊसवर."

पहिली फेरी झाली. साहेबांच्या गड्याचा जीव पार कडेला आला होता, पण राक्षस पडला. चाचा विहिरीवरून ओरडून सांगत होते, "मागं हट रे, मागं हट, औषध पी," आणि साहेब त्यांना तोंड बंद ठेवायला सांगत होते. मग दुसरी फेरी, दुआसकट. मी रांगा शेजारी शेजारी लावल्या. दोन्ही सारख्या होत्या. एका चिंचोक्याचा फरक असेल नसेल.

साहेबांनी दोन्ही रांगांवरून बोट फिरवलं. नोकरीत काटा खोटा सापडला की असाच चेहरा होत असावा.

"बघ मेस्त्री," ते म्हणाले. "तुज्या दुआला वजन न्हाई. तू जवळ असलास काय आनि नसलास काय, माप सारखंच."

चाचा खुर्चीवरून वळले. टेबलावरच्या रांगा त्यांनी लांबूनच पाहिल्या. काहीतरी बोलतील असं वाटलं. बोलले एवढंच, "सारखंच ना? बरं." टोपी डोक्यावर ठेवली आणि निघाले. काकू दोन कप घेऊन जिना उतरत होत्या, त्यांना वाट देऊन बाहेर पडले.

काकूंनी कप टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "झालं समाधान?"

साहेबांचं समाधान झालं नव्हतं, हे मला त्यांच्या बसण्यावरून कळलं. पण चाचा दुसऱ्या दिवशी आले नाहीत, नंतरही आले नाहीत. काकू चहाचं आधण तेवढंच ठेवायच्या आणि उरलेला चहा मला खाली आणून द्यायच्या. एकदा मी म्हटलं, तुम्ही तरी चाचांना बोलवा. "मी कशाला," त्या म्हणाल्या. "ज्येनं तोडलं त्येनं जोडावं. न्हाईतर ह्यो शेवटचाबी गेला म्हनायचा." आणि डोळे पुसले. साहेब वर होते, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलल्या होत्या.

काही दिवसांनी साहेब खाली आले. तराजू, डबा, सगळं घेऊन. "एकट्यानं खेळायचंय," म्हणाले.

तोच राक्षस, तीच तलवार, त्याच अंगठ्या. मी चिंचोके लावत गेले. त्या दिवशीच्या रांगेएवढी रांग झाली तरी राक्षस उभाच. आणि मग साहेबांचा गडीच पडला. पुन्हा केलं, पुन्हा पडला. दर वेळी आपला गडी आधी मरायचा.

मग सुरू झाला संशयाचा फेरा. आधी माझ्या चिंचोक्यांवर. मी मधले ढापते की काय, म्हणून त्यांनी काकूंना चिंचोके लावायला बसवलं आणि मला हात मागं घ्यायला लावले. गडी मेला. मग मशीनवर. ते बदललं, गडी मेला. मग विजेवर, दुपारी दाब कमी असतो म्हणून सकाळी खेळून पाहिलं. क्लासाच्या पोरांनी आत काही फेरफार केलाय का, म्हणून सीडी पुन्हा घातली. मग औषधाच्या बाटल्यांवर, मग स्वतःच्या मोतीबिंदूच्या डोळ्यावर. प्रत्येक गोष्ट तपासून, बरोबर ठरवून, एकेक करून त्यांनी बाजूला काढली. बरोबर निघालं की त्यांचा चेहरा पडायचा, पण या वेळी तो जरा जास्तच पडत होता.

एके दुपारी गडी पुन्हा मेला आणि साहेबांनी माऊस सोडून दिला. 

"बाई," ते म्हणाले, "त्या दिवशी पयल्या फेरीत मी जिवंत कसा ऱ्हायलो?"

 उत्तर मला तेव्हाच सुचलं. दुआ गुहेच्या भिंतीआडूनही पोचते. साहेबांच्या स्क्रीनवर न दिसता चाचांच्या गड्यानं विहीर सोडून चार पावलं पुढं यायचं, भिंतीमागं उभं राहायचं, की झालं. आणि चाचांचा एक हात माऊसवर होता. ती सवलत साहेबांनीच दिली होती.

"समदं तपासलं," साहेब सावकाश म्हणाले. "एकच माणूस तपासायचा ऱ्हायलाय. त्येनं बोट लावलं पारड्याला." मग थांबले. "पर बाई, बोट लावनारा आपल्याच बाजूला लावतोय. तीस-पस्तीस वर्सं बघितलं. दुसऱ्याच्या पारड्याला बोट लावून सोता खोटा ठरलेला म्या न्हाई बघितला."

ते उठले, कोट घातला. नोकरीतला खाकी नव्हता, साधाच होता, पण बटणं सगळी लावली. "चला," मला म्हणाले.

"मी कशाला?"

"पंच लागतोय."

भर उन्हात आम्ही चाचांच्या दुकानाशी गेलो. ते मांडीवर सतार आडवी घेऊन घोडीवर कानस फिरवत होते, डोळे मिटलेले. पावलं ऐकून त्यांनी डोळे उघडले, आम्हाला पाहिलं आणि पुन्हा कानस फिरवायला लागले. साहेब उंबऱ्याबाहेर उभे राहिले.  मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले आणि एकात एक बांधले.

 त्या रीतीचा अर्थ चाचांना माझ्याहून जास्त माहीत होता. त्यांची कानस थांबली.

"काय रे?" ते म्हणाले.

"त्या दिवशी तू जागा सोडलीवतीस."

"व्हय."

"तपासणी चालू असताना."

"व्हय."

"कशापायी?"

"पहिल्या दोन घावांतच तुझा गडी मरायला लागलावता," चाचा म्हणाले. "मग काय, विहिरीपाशी बसून बघत ऱ्हाऊ?"

साहेबांचे हात तसेच मागं. रस्त्यावरून जाणारा एक भाजीवाला हे दृश्य बघून गाडीसकट थांबला होता. मी त्याला डोळ्यांनी पुढं जायला सांगितलं.

"मग तवाच का बोलला न्हाईस?" साहेबांनी विचारलं. 

"बोललो असतो तर तू म्हणला असतास, कशावरनं."

हे खरंच होतं. साहेबांनी मान हलवली.

चाचांनी मांडीवरची सतार बाजूला ठेवली. मागं हात करून टांगलेल्या भोपळ्यांतला एक मोठा, वाळलेला भोपळा काढला आणि उंबऱ्याशी येऊन साहेबांसमोर धरला. "सोड ते हात. हा धर जरा. मला आतली खुंटी काढायचीय, आणि माझे हात दोनच हायेत."

साहेबांनी हात सोडले आणि भोपळा दोन्ही तळव्यांवर घेतला. चाचा आत खुंटी शोधायला वळले. मी साहेबांच्या शेजारीच होते, म्हणून मला दिसलं. त्यांचे तळवे किंचित वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले, आणि एका अंदाजावर येऊन थांबले. त्यांचा अंदाज चुकलेला मी कधी पाहिला नव्हता.

"किती भरला रे?" चाचांनी आतूनच, पाठमोऱ्यानं विचारलं.

साहेबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी पंच होते.

"मापला न्हाई," ते म्हणाले.